विश्लेषण : ‘एआय’ शिवछत्रपतींचा चेहरा आणते कुठून?

शिवजयंतीला मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छाचित्रांत गेल्या काही वर्षांत एक बदल दिसतो. एका चित्रात महाराजांचे दंड व्यायामशाळेतल्या तरुणासारखे, दुसऱ्यात डोळे निळसर, तिसऱ्यात चेहरा एखाद्या नटाचा. यातली बरीच चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) काही सेकंदांत काढलेली असतात. दोन ओळींची सूचना दिली की चार चेहरे समोर येतात आणि चारही वेगळे असतात.

एकाच सूचनेतून वेगळे चेहरे का?

ही प्रणाली कोट्यवधी चित्रे आणि त्यांखालच्या ओळींवरून शिकलेली असते. चित्र काढताना ती निव्वळ ठिपक्यांच्या गोंगाटापासून सुरुवात करते आणि पायरीपायरीने सूचनेशी जुळणारे रूप घडवत नेते. सुरुवातीचा गोंगाट दर वेळी वेगळा, म्हणून चेहराही वेगळा. शिवाय ‘शिवाजी महाराज’ या शब्दांशी इंटरनेटवर जोडलेली चित्रे म्हणजे मुख्यतः कॅलेंडरे, पुतळे, मालिका आणि सिनेमे. त्यांचीच सरमिसळ पडद्यावर उमटते. यंत्राला इतिहास ठाऊक नसतो, लोकप्रियता ठाऊक असते.

मग अस्सल चित्र कोणते?

ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातील ‘विट्सेन अल्बम’मध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गोवळकोंडा शैलीतली महाराजांची लघुचित्रे आहेत. टोकदार दाढी, तुरा लावलेली पगडी. आज डोळ्यांसमोर येणारा जिरेटोप तिथे नाही. अर्थात हेही समोर बसवून काढलेले चित्र म्हणता येत नाही : महाराजांचे निधन १६८० मधले, तर विट्सेन अल्बम १६८६ च्या सुमाराचा मानला जातो. १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्याला कुतुबशाहाच्या भेटीस गेले होते, त्यामुळे तिथल्या चित्रकारांपर्यंत त्यांचे रूप पोहोचले असणे शक्य आहे, एवढेच.

शब्दचित्रेही एकमुखी नाहीत. १६६४ च्या सुरत स्वारीनंतर तिथल्या इंग्रज वखारीच्या पाद्र्याने महाराज उंचीने बेताचे, ताठ बांध्याचे आणि आपल्या लोकांहून गोरे असल्याचे लिहिले. फ्रेंच प्रवासी थेवनो याने मात्र त्यांना ठेंगणे आणि सावळे म्हटले. डोळे तेज असल्यावर दोघांचे एकमत. सिंधुदुर्गावरील शिवराजेश्वर मंदिरातल्या मूर्तीला तर दाढीच नाही.

चुकीचा चेहरा रूढ होण्याचा धोका नवा आहे का?

नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इब्राहिम खान नावाच्या भलत्याच व्यक्तीचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधारे खरे चित्र पुढे आणले, तेव्हा ते मागे पडले. तेव्हा चूक एका चित्राची होती आणि ती शोधणारा माणूस एक पुरला. आता दर मिनिटाला नवी चित्रे तयार होतात. ती इंटरनेटवर जातात आणि पुढच्या प्रणालीच्या प्रशिक्षणात तीच परत येऊ शकतात. शाळेच्या प्रकल्पाला चित्र शोधणाऱ्या मुलाला संग्रहालयातले लघुचित्र आणि कालचे एआय चित्र शेजारी शेजारी दिसते, आणि चकचकीत तेच उचलले जाते.

चित्रकाराने काय करावे?

अनेक चेहरे काढण्यात गैर काही नाही. पुरावेच परस्परविरोधी असताना एकच चेहरा ‘खरा’ म्हणणे अधिक गैर. मात्र प्रत्येक चित्रामागे आधार हवा. नुसत्या शब्दांऐवजी लघुचित्र संदर्भ म्हणून दिले आणि त्यापासून फारकत घेण्याची मुभा कमी ठेवली, तर नाक, दाढी, पगडी बऱ्यापैकी टिकते. वय बदलता येते : शहाजीराजांच्या जहागिरीतला किशोर, आग्र्याहून निसटलेला छत्तिशीचा राजा, १६७४ च्या राज्याभिषेकातला छत्रपती. तलवारीची मूठ, बोटे आणि मागच्या फलकावरची जोडाक्षरे मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात, कारण यंत्र तिथे अडखळू शकते. चित्राखाली ‘एआयनिर्मित, आधार : अमुक लघुचित्र’ एवढी ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. फॉरवर्ड होणाऱ्या चित्रांत ती क्वचितच दिसते.