सीपॅपचा मास्क आधी दिवसा लावा

घरात कुणाला डॉक्टरांनी सीपॅपचं मशीन लावून झोपायला सांगितलं असेल, तर हे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत. त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या माणसासाठीही आहेत.

"मशीन आणलं, तीन रात्री लावलं, जमलं नाही, कपाटावर ठेवून दिलं." असं बोलणारी माणसं आपल्याकडे भेटतात. पैसे वाया गेले त्याचं दुःख आहेच. पण आजार अंगात तसाच राहिला, ते जास्त वाईट.

आधी हा आजार, स्लीप अॅप्निया, समजून घ्या. घोरणाऱ्याला आपण नशीबवान म्हणतो. पाठ टेकली की झोप लागते, असं कौतुकानं सांगतो. स्लीप अॅप्नियाची गोष्ट वेगळी आहे. झोपेत घसा आतून मिटतो आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. मग शरीर दचकतं, माणूस मोठ्यानं श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. श्वास पूर्ण अडणं किंवा बराच कमी होणं तासाला तीस वेळा किंवा त्याहून जास्त झालं, तर आजार तीव्र समजतात. झोपणाऱ्याला यातलं बहुधा काही आठवत नाही. त्याला फक्त सकाळी जड झालेलं डोकं कळतं.

बाकीच्या खुणा आपण भलत्याच गोष्टींवर ढकलतो. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागलं की म्हणतो, शुगर असेल. दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागली की म्हणतो, वय झालं. बीपीच्या गोळ्या वाढत जातात, बीपी मात्र उतरत नाही. संगीतकार बप्पी लाहिरींचं फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झालं. त्यांच्या डॉक्टरांनी कारण सांगताना याच आजाराचं नाव घेतलं होतं.

आणि गाडीचं काय? गळीत हंगामात आपल्या बारामतीकडे सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या रस्त्यांवर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर धावतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. चालवणाऱ्याला क्षणभर डुलकी लागली तर काय होतं, ते मी सांगायला नको. तुम्हाला दिवसा झोप आवरत नसेल, तर मशीन अंगवळणी पडेपर्यंत स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या. मोटारसायकलचंही तेच.

आता भीतीचं बोलू. कोविडच्या दिवसांत आपण दवाखान्यात तोंडावर मास्क बांधलेली माणसं पाहिली. त्यातली काही घरी परत आली नाहीत. त्यामुळे घरात असा मास्क आला की बायका-पोरं घाबरतात. शेजारी विचारतात, "काय तात्या, ऑक्सिजनवर का?" त्यांना सरळ सांगा. हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि थोड्या दाबानं नाकात सोडतं. त्या हवेच्या दाबामुळे घसा मिटत नाही. यात ऑक्सिजनची टाकी नाही, औषध नाही. "एकदा लावलं की कायमची सवय लागते," असंही लोक म्हणतात. चष्म्याची सवय लागते तेवढीच याची लागते. काढला की दिसत नाही, म्हणून कुणी चष्म्याला दोष देत नाही.

१९८० पूर्वी हा आजार फार वाढला तर गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे त्या वर्षी एक रुग्ण आला. त्याला गळ्याचं छिद्र नको होतं. डॉक्टरांनी हवा फेकणारी मोटर, नळी आणि नाकावरचा मास्क जोडून त्याला झोपवलं. तिथून सीपॅप सुरू झालं. सुरुवातीच्या रुग्णांच्या नाकावर तो मास्क रोज रात्री चिकटवावा लागे. तुमच्या मास्कला मऊ पट्टे आहेत.

आता कामाचं. पहिल्या रात्री मास्क बांधून दिवा मालवू नका. माणसं इथंच हरतात. अंधार, अनोळखी वस्तू, नाकात जोरात हवा. जीव गुदमरल्यासारखा होतो आणि मन कायमचा धसका घेतं.

मास्क आधी दिवसा लावा. संध्याकाळी टीव्हीवर मालिका बघताना तो नुसता हातानं नाकावर धरा. पट्टा बांधू नका, मशीनही लावू नका. कंटाळा आला की काढा. एक-दोन दिवस एवढंच करा.

मग पट्टा बांधा आणि तसेच बसा. नातवाशी बोला, पेपर वाचा.

मग मशीन सुरू करा, पण बसूनच. हवा आत येताना तिच्याशी भांडू नका. तोंड मिटा, नाकानं सावकाश घ्या, सावकाश सोडा. श्वास सोडताना समोरून हवा येते, ते पहिल्यांदा विचित्र वाटतं. थोड्या वेळात त्याचं काही वाटेनासं होतं. बहुतेक मशीनमध्ये दाब सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय असते. तिला रॅम्प म्हणतात. मशीन देणाऱ्याकडून ती सुरू करून घ्या. ती कुठल्या बटणावर आहे, ते सुनेला किंवा मुलाला दाखवून ठेवा.

यानंतर दुपारी जेवण झाल्यावर मास्क लावून आडवं व्हा. दुपारची झोप लागली की निम्मं काम झालं. मग रात्र.

या सगळ्याला आठवडा लागेल, कुणाला दोन लागतील. शक्य असेल तर या दिवसांतही रात्री थोडा वेळ मास्क लावायचा प्रयत्न ठेवा, कारण आजार थांबत नसतो. पण चिडून, दात-ओठ खाऊन लावू नका. तुमचा आजार तीव्र असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर एवढा वेळ घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

झोपेत मास्क आपोआप काढून टाकला जातो. सकाळी तो उशाशी सापडतो. सुरुवातीला हे बऱ्याच जणांचं होतं. वाईट वाटून घेऊ नका. जाग येईल तेव्हा पुन्हा लावा.

मास्क बसतो की नाही, ते दुकानात खुर्चीवर बसून कळत नाही. आडवं झाल्यावर गालाचं मांस सरकतं. म्हणून पट्टे आडवं पडून, मशीन चालू ठेवून जुळवा. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. हवा गळते म्हणून आपण पट्टा ओढत जातो. त्यानं उलट मास्कची कड दुमडते, हवा जास्त गळते आणि सकाळी नाकावर लाल वळ उठतो. त्यापेक्षा मास्क चेहऱ्यापासून थोडा उचला आणि पुन्हा टेकवा. तरी जमलं नाही, तर माप किंवा प्रकार बदलून घ्या. नाकपुड्यांना टेकणारा, फक्त नाकावरचा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे तीन प्रकार मिळतात. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला बहुधा तिसरा लागतो. सकाळी घसा कोरडा पडत असेल, तर रात्री तोंड उघडं राहतंय असं समजा.

झुपकेदार मिशा आणि वाढलेली दाढी यांतून हवा गळते. मिशा काढा असं कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. पण कडा कातरून घ्या किंवा नाकपुड्यांचा मास्क मागा. बायकांनी रात्री चमकी काढून ठेवावी. अंबाडा घालून झोपू नये, पट्टा घसरतो. सैल वेणी बरी. चेहऱ्याला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावून मास्क लावू नका. तो घसरतो आणि लवकर खराब होतो. गालात तंबाखूची गोळी किंवा दातांना मिश्री ठेवून तर कधीच झोपू नका. दारू आणि मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात.

आपल्या भागातली एक अडचण शहरातल्या डॉक्टरला माहीत नसते. शेतीची वीज पाळीनं येते. रात्रपाळी असली की मोटर सुरू करायला, दारं धरायला मध्यरात्री उठावं लागतं. परत येऊन माणूस तसाच गोधडीत शिरतो आणि मास्क राहून जातो. असं करू नका. पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त असते आणि त्या झोपेत श्वास सगळ्यात जास्त अडतो. म्हणजे रात्रीचा निम्मा भाग मशीन लावलं आणि पहाटे सोडलं, तर गरजेच्या वेळीच ते बंद राहिलं. पाय धुवा, चेहरा पुसा, मास्क पुन्हा लावा. रात्रपाळीच्या आठवड्यात पाण्याचं काम पोराकडे देता आलं तर द्या.

घरची लाईट गेली की मशीन थांबतं. घाबरू नका, मास्क काढा. मास्कला हवा जायला छिद्रं असतात, ती टेपनं किंवा कापडानं बुजवू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर चालतं. फक्त पाणी तापवण्याची सोय बंद ठेवा, म्हणजे बॅटरी बराच वेळ टिकते. वारीला जाणाऱ्यांनी मशीनची वेगळी बॅटरी मिळते का, ते आधी विचारावं. पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते. मुक्कामाच्या तंबूत प्लग मिळेलच असं नाही.

मशीनला पाण्याची छोटी टाकी असते. तिनं हवा ओलसर होते, नाक कोरडं पडत नाही. सुप्याच्या जिराईत पट्ट्यातलं बोअरचं पाणी तिच्यात घालू नका. भांड्यावर जसा क्षाराचा पांढरा थर धरतो, तसा इथंही धरतो. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी चालणार नाही. टाकीतलं उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्या. मशीन हलवताना टाकी आधी रिकामी करा, नाहीतर पाणी आत शिरतं. मास्कची गादी रोज कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. नळी आठवड्यातून एकदा.

धुळीकडे जास्त लक्ष द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळं घर धुळीनं भरतं. मशीनच्या मागची जाळी आठवड्याला बघा. धुण्याची असेल तर धुवा, बदलण्याची असेल तर काळी पडली की बदला. मशीन जमिनीवर किंवा गादीवर ठेवू नका. पलंगावर झोपत असाल तर स्टूल, खाली झोपत असाल तर पाट. मात्र ते उशीपेक्षा उंच नको, म्हणजे नळीतलं पाणी नाकाकडे येणार नाही. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला, तर नळीवर जुनी शाल गुंडाळा. मशीनवर मात्र काही पांघरू नका.

खर्च हलका नाही. मास्कही अधूनमधून बदलावा लागतो. १८७५ च्या मे महिन्यात याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले होते. त्या गावच्या माणसानं मशीनसाठी घाईनं कर्ज काढू नये. बारामतीत किंवा पुण्यात भाड्यानं मशीन मिळतं का ते विचारा, महिनाभर वापरा, मग घ्या. बऱ्याच विमा पॉलिसी घरी वापरायच्या मशीनचे पैसे देत नाहीत, तेही आधी बघा. कुणाचं जुनं स्वस्तात मिळालं तर हुरळून जाऊ नका. त्याचा दाब दुसऱ्या माणसासाठी लावलेला असतो. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीनं आतल्या फोमच्या दोषामुळे लाखो मशीनं जगभरातून परत मागवली. जुन्या बाजारात त्यातलं एखादं असू शकतं.

शेजारी झोपणाऱ्या वहिनींना आणि भाऊंना एक विनंती. हसू नका. "हत्तीची सोंड लावली" असली थट्टा गमतीची वाटते, पण त्यानं माणूस मास्क काढून ठेवतो. त्याऐवजी हवा कुठून गळते ते बघा, मास्क सरकला तर हलकेच नीट करा. सकाळी विचारा, किती वेळ राहिला? आणि रात्री श्वास अडलेला पाहिला असेल, तर ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा. ते रुग्णाला बहुधा माहीत नसतं.

पोट फुगणं, कान दुखणं, नाकातून रक्त येणं असं काही झालं, तर मशीन मनानं बंद करू नका आणि दाबही मनानं बदलू नका, डॉक्टरांना विचारा. तुमचं वजन बरंच कमी किंवा जास्त झालं, तरीही दाब पुन्हा बघावा लागतो. किती तास मशीन लावलं आणि तरी तासाला कितीदा श्वास अडला, याची नोंद मशीन स्वतः ठेवतं. तो आकडा पाचाच्या खाली आला तर उपचार नीट चाललाय.

महिन्याभरात एकदा डॉक्टरांकडे जा. मशीन, मास्क आणि ही नोंद असलेलं आतलं कार्ड पिशवीत घ्या, रात्री शेजारी झोपणाऱ्यालाही सोबत न्या.