पेट्रोलातला डिंक

तर झालं असं की, डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडे पुण्याला गेलो ते चार महिन्यांनी सेलूला परतलो. दुसऱ्याच आठवड्यात सौ.च्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख, परभणीला. पहाटेची रेल्वे गाठायची म्हणून मोटारसायकल काढली, तर किका मारून मारून पाय भरून आला, पण ती काही सुरू होईना. रिक्षा मिळेपर्यंत गाडी गेली. तारीख तीन आठवडे पुढे ढकलली गेली. सौ. मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मी लगेच निकाल देऊन टाकला.. इथेनॉल! आमच्या सकाळच्या कट्ट्यावर सगळे हेच म्हणतात. पण मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून जेट माझ्या तळहातावर ठेवला. त्याचं सुईच्या टोकाएवढं भोक पिवळट, चिकट थराने बुजलेलं, अगदी बाभळीच्या डिंकासारखं. भाचा केमिकल इंजिनीअर आहे, त्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "मामा, त्याला इंग्रजीतही गमच म्हणतात."

आता मी पडलो मराठीचा बी.ए., पण त्याने सांगितलं ते पटलं. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांची मिसळ. गाडी उभी राहिली की त्यातलं हलकं हलकं उडून जातं, आणि ओलेफिन जातीचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांना चिकटत जातात. त्याचा हा डिंक. चालत्या गाडीत तोच प्रकार गरम व्हॉल्व्हवर होतो, आणि जड अरोमॅटिक घटक नीट जळले नाहीत की सिलिंडरमध्ये काजळीचा थर बसतो. म्हणजे इथेनॉलचा पत्ता नव्हता तेव्हाही हे होतंच.

इथेनॉलला मी अगदी निर्दोष सोडत नाही. ते पाणी ओढतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांना सोसत नाही, टाकीतला जुना मळ सुटा करून पुढे ढकलतं. त्यात उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा 20 टक्के मिश्रणाने ॲव्हरेज थोडं उतरणारच. पण माझ्या जेटमधला डिंक मुख्यतः पेट्रोलाचा आणि माझ्या आळसाचा. निघताना पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली असती तर कार्बोरेटर रिकामा झाला असता.

माझी तक्रार वेगळीच आहे. पेट्रोलात डिटर्जंट घालता येतं. साबणासारखंच ते. रेणूचं एक टोक मळाला धरतं, दुसरं पेट्रोलात मिसळून राहतं, आणि थर बसायच्या आत मळ वाहून जातो. हजारात एक भागही लागत नाही. (चार महिने उभ्या गाडीला त्याने फारसं तारलं नसतं, हेही भाच्याने ऐकवलं. शिवाय मुलाच्या कारसारखं थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असेल तर व्हॉल्व्हवर पेट्रोल पोचतच नाही, मग धुणार कसं?) अमेरिकेत 1995 पासून ते सगळ्या पेट्रोलात सक्तीचं झालं. तेवढंही कमी पडतं म्हणून 2004 मध्ये काही मोटार कंपन्यांनी स्वतःची कडक कसोटी काढली.

आणि आपण? मनमाडकडून इतक्या लांबून टँकर येतो म्हणून 2018 मध्ये देशातलं सर्वांत महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव पेपरांत गाजलं होतं. इतकं मोजून घेतो, मग आत काय आहे ते विचारू नये का? पाच रुपयांच्या बिस्किटच्या पुड्यावर मैद्यापासून मिठापर्यंत सगळं छापलेलं असतं. पंपावर दराचा आकडा भला मोठा, पण साध्या पेट्रोलात डिटर्जंट आहे का, किती आहे, याचा फलक मी तरी पाहिला नाही. परवा एका पंपावर पोराला विचारलं. तो म्हणाला, "काका, साधं टाकू का महागातलं?" त्याचा तरी काय दोष! महागात नेमकं काय जास्त आहे, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. मी साधंच टाकून आलो.

असो. सौ.चा एक डोळा झाला, आता चष्म्याविना पेपर वाचते आणि माझ्या चुका काढते. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. रिक्षावाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.