पायाच्या मुंग्या आणि रात्रीचे घोरणे

उन्हाळ्यात आपल्या खानदेशात घरात झोपणे कठीण होते. गच्चीवर, धाब्यावर अंथरुणे पडतात आणि कोण किती घोरतो हे साऱ्या गल्लीला कळते. सकाळी थोडी थट्टा होते आणि विषय संपतो. माझ्या मते तो तेथे संपता कामा नये.

तळपायाची आग, मुंग्या, बधिरपणा या तक्रारी घेऊन जळगाव-धुळे भागातील अनेक मधुमेही येतात. 'नसा कमजोर झाल्या, ताकदीची सुई द्या' ही त्यांची मागणी. आम्ही डॉक्टर साखर तपासतो, बी-१२ लिहून देतो. झोपेविषयी क्वचितच विचारतो. मीही अनेक वर्षे विचारत नसे. मग एका रुग्णाच्या पत्नीने सहज सांगितले, "घोरता घोरता यांचा श्वास थांबतो. मी हलवून उठवते."

या आजाराचे नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो. रात्रभर हे वारंवार घडते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरात सात-आठ जणांना दिवसाच्या पेंगेसह हा आजार आढळला.

त्याचा नसांशी संबंध काय? प्राणवायूच्या या चढउताराने नसांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडत असाव्यात, असे तज्ज्ञ मानतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१२ साली दाखविले की, हा आजार असलेल्या मधुमेहींत पायांच्या नसांचा विकार इतर मधुमेहींपेक्षा बराच अधिक आहे. त्या रुग्णांत आपल्या उपखंडातील लोकही होते.

घोरणारा प्रत्येक जण रोगी नसतो. साखर ताब्यात ठेवणे हाच पहिला उपाय. पण श्वास अडत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. वजन उतरवावे, रात्रीची दारू सोडावी, कुशीवर झोपावे. गरज पडल्यास नाकावाटे हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरावे. त्याने बधिर पाय पूर्ववत होतील, असे वचन मी देणार नाही. श्वास मात्र मोकळा होईल.

म्हणून पायांच्या तक्रारीसाठी दवाखान्यात येताना घरच्या माणसाला बरोबर आणा. आपण रात्री कसे झोपतो, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?