शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

"अमुक नर्सिंग होम कसं आहे हो, बाई?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी फोनवर येतोच. चाळीस वर्षं एकाच तालुक्याच्या गावात शिकवलं, निम्मं गाव हाताखालून गेलं, तेव्हा बाईंना सगळं ठाऊक असणार अशी लोकांची समजूत! याच प्रश्नाला इतर लोक काय उत्तरं देतात तेही कानावर येतं. "डॉक्टर स्वभावाने फार चांगले." "नवीन बिल्डिंग आहे, लिफ्ट आहे." "मेडिक्लेम चालतो." यातलं काहीच खोटं नसतं. पण तिथे पडलेल्या माणसाची काळजी कशी घेतात, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.

परदेशातल्या माझ्या पुतण्यांसाठी आधीच सांगून ठेवते. तुमच्याकडे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्यांनी कायमचं राहायची जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे खाली ओपीडी, वर दहा-पंधरा खाटा आणि त्याच्याही वर डॉक्टर नवरा-बायकोचं बिऱ्हाड. मी लिहितेय ते या नर्सिंग होमबद्दल.

या नर्सिंग होमांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे. २०२१ साली महाराष्ट्रात त्याचे नियम सुधारले आणि दरपत्रक व रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. चांगली गोष्ट आहे. जाल तिथे ती जरूर वाचा. पण मी मास्तरीण आहे, आणि भिंतीवरच्या तक्त्यांचं महत्त्व किती हे मास्तरांना कोणी सांगायला नको! तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत रांगोळ्या पडायच्या, सुविचार नव्याने लिहिले जायचे, प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसून निघायच्या. साहेब खूश होऊन शेरा लिहून जायचे. शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचता येतं का, हे त्या शेऱ्यात नसायचं.

माझा एक भाचा डॉक्टर आहे. त्याने मला अवेदिस डोनाबेडियन या माणसाबद्दल सांगितलं. वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा मोजावा, यावर त्यांनी १९६६ साली एक लेख लिहिला आणि अजूनही लोक त्याचाच आधार घेतात म्हणे. तीन गोष्टी बघा, असं ते सांगतात. एक, जागा, माणसं आणि साधनं काय आहेत. दोन, प्रत्यक्ष काम कसं चालतं. तीन, शेवटी निष्पन्न काय झालं. आपण सगळे पहिली गोष्ट डोळ्यांनी बघतो, तिसरी गावात ऐकतो, आणि मधली, जी सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे कोणी बघतच नाही.

"तिथे पेशंट बरे होतात," हे ऐकून तर मला नेहमी आमचा दहावीचा निकाल आठवतो. काही शाळांचा निकाल दरवर्षी शंभर टक्के! कसा? तर कच्च्या मुलांना आधीच १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं. नर्सिंग होममध्येही अवघड पेशंट "मोठ्या हॉस्पिटलला हलवा" म्हणून रात्रीच रवाना झाला, तर त्याचा हिशेब तिथल्या निकालात धरत नाहीत. आता वेळेवर हलवणं हाही चांगल्या डॉक्टरचाच गुण आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौदा खाटांच्या जागी किती बरे झाले आणि किती नाही, यावरून दर्जा ठरवणं कठीण. बरीचशी माणसं तर आपली आपणच बरी होतात!

मग बघायचं काय? माझं मत असं, की ज्या पेशंटजवळ कोणी नाही त्याला तिथे काय मिळतं, ते बघायचं.

आपल्याकडे पेशंटबरोबर घरचं माणूस रात्रंदिवस असतंच. सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारायची, पाणी पाजायचं, भांडं द्यायचं, कूस बदलायची, गोळीची आठवण करायची. हे सगळं आपणच करतो आणि डिस्चार्जच्या दिवशी "छान काळजी घेतली हो!" असं म्हणून पेढे वाटतो. काळजी कोणी घेतली? आपण घेतली! नर्सिंग होमची काळजी बघायची तर आपलं काम वजा करून जे उरतं ते बघायला हवं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा अकरा दिवस मी एका नर्सिंग होममध्ये रात्रीची राहिले. नाव सांगत नाही. जागा चकचकीत, ऑपरेशनही उत्तम झालं, हे आज काठी घेऊन फिरतात. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. मुलगा कारखान्यात कामाला, संध्याकाळी डबा देऊन जायचा. रात्री दोनच्या सुमाराला तिने बेल दाबली. बेल वाजत होती, मला ऐकू येत होती. पण येणार कोण? चौदा पेशंटांना सिस्टर एकच आणि ती वरच्या मजल्यावर बाळंतपणात अडकलेली. म्हातारीला मी भांडं दिलं. सकाळी सहाला ती पोरगी धावतपळत आली आणि सगळ्यांच्या केसपेपरवर रात्रीच्या चार-चार नोंदी एका दमात, एकाच पेनाने लिहून मोकळी झाली. ताप नॉर्मल, नाडी नॉर्मल. आमचे हे रात्रभर कण्हत होते, तेही नॉर्मल!

तिच्यावर माझा राग नाही. बारा तासांची ड्यूटी, तीही सलग चौथी रात्र. जीएनएमचा तीन वर्षांचा किंवा एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्या मुली पगार बरा म्हणून मोठ्या शहरात जातात. लहान गावात पुष्कळदा बारावी झालेली मुलगी बघून बघून शिकते आणि पांढरा कोट घालून "सिस्टर" होते. चूक नेमणाऱ्याची आहे, आणि थोडी आपलीही. एसीचे पैसे आपण कुरकुर न करता देतो. रात्री दुसरी सिस्टर का नाही, असं कोणी विचारतं का?

उलट उदाहरणही माझ्याकडे आहे. माझ्या मोठ्या ताईला पक्षाघात झाला तेव्हा ती तेवीस दिवस दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये होती. तिथे भिंतीचे पोपडे निघालेले, लिफ्ट नाही, संडास जुन्या पद्धतीचा. पण ताईच्या उशाशी वहीचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर दर दोन तासांची वेळ आणि पुढे "डावी, उजवी, पाठ" असं आयाबाईंच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं. बाईंची शाळा चौथीपर्यंत. कूस बदलली की त्या ताईच्या टाचा आणि माकडहाडापाशी हात फिरवून बघायच्या, कातडी लाल झाली आहे का म्हणून. बेडसोअरची सुरुवात तिथेच होते, हे त्यांना डॉक्टरांनी शिकवलं होतं. तेवीस दिवसांत ताईच्या अंगावर एक जखम झाली नाही. ताईला बोलता येत नव्हतं, तरी त्या "ताई, आज गुरुवार बरं का" असं सांगूनच पाणी पाजायच्या. आमच्यापैकी कोणी तिथे नसतानाही हे असंच चालायचं. मला कसं कळलं? समोरच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितलं, आणि समोरच्या खाटेसारखा साक्षीदार नाही!

कायद्याच्या मराठीत नर्सिंग होमला शुश्रूषागृह म्हणतात. मराठीची शिक्षिका म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही, की "शुश्रूषा" हा शब्द ऐकणे या अर्थाच्या "श्रु" धातूवरून आलाय. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा. आजारी माणूस काय म्हणतोय हे ऐकायची इच्छा, आणि त्याला बोलता येत नसेल तर त्याची कातडी काय सांगते हे ऐकायची इच्छा. पहिल्या ठिकाणी बेल होती, ऐकणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी बेलसुद्धा नव्हती.

याचा अर्थ पडक्या जागा चांगल्या आणि नव्या वाईट, असा कोणी काढू नये! पोपडे निघालेल्या भिंतींमागे घाणही असते. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात की कुठेही, रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत जातात की नाही, हेही बघायलाच हवं. आणि लहान नर्सिंग होमं टिकावीत असंही मला मनापासून वाटतं. घरातल्या तीन पिढ्यांना नावाने ओळखणारा डॉक्टर काचेच्या मोठ्या इमारतीत कुठला भेटायला? तिथल्या डॉक्टरांवर कागदपत्रांचा बोजा वाढतोय, खर्च वाढतोय, हेही दिसतं. पण काटकसर करायची तर ती रात्रपाळीत नको. रिसेप्शनचा सोफा जुना राहू द्या.

आता हे सगळं माझ्या मुलांनी आणि भाच्या-पुतण्यांनी नीट वाचावं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. कधीतरी तुम्हाला माझ्यासाठी जागा शोधावी लागेल, आणि तुमच्यापैकी कोणाला महिनाभर रजा मिळणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा फोटो बघून ठरवू नका. गावातल्या कोणाला तरी रात्री अकरानंतर तिथे पाठवा. सिस्टर किती आणि शिकलेल्या किती, ते विचारा. आयाबाईंची ही सलग कितवी रात्र ते विचारा. बिछान्याला खिळलेल्या पेशंटची कूस बदलल्याची नोंद कुठे आहे ते बघा. आणि ज्याच्याजवळ कोणी बसलेलं नाही अशा पेशंटला शोधून एवढंच विचारा, "काका, पाणी मागितलं की मिळतं का हो?"

"मिळतं" म्हणाले, तर मला खुशाल तिथे ठेवा. एसी नसला तरी चालेल.