विमानवाहू नौका आपली, विमाने कोणाची?

नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमाने घेण्याचा करार भारत आणि फ्रान्स यांच्यात २८ एप्रिल २०२५ रोजी झाला. त्याची किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये आहे. ज्या 'विक्रांत'साठी ही विमाने प्रामुख्याने घेतली गेली, ती नौका कोचीच्या सरकारी गोदीत बांधण्यास सुमारे २० हजार कोटी रुपये लागले. म्हणजे नौकेच्या तिप्पट खर्च तिच्यावरील विमानांचा! या रकमेत शस्त्रास्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण व देखभाल यांचाही समावेश आहे, हे मान्य केले तरी प्रश्न उरतोच. जो देश एवढी प्रचंड नौका स्वतः बांधू शकतो, त्याला तिच्यावरून उडणारे विमान का बांधता येऊ नये?

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे झाली नाही. २०२२ साली गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर आधी राफेलची आणि मग अमेरिकन सुपर हॉर्नेटची चाचणी झाली. त्या काळात वृत्तपत्रांचे रकाने भरले ते एकाच वादाने : फ्रेंच विमान चांगले की अमेरिकन? हॉर्नेटचे पंख मिटतात, राफेलचे मिटत नाहीत. 'विक्रांत'च्या लिफ्टची मापे तर रशियन मिग-२९के विमान डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. या तपशिलांना महत्त्व नाही असे नाही. परंतु दुकान कोणते निवडावे एवढ्यावरच वाद घालणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईकच राहतो.

या गिऱ्हाइकीचा अनुभव आपण घेतलेला आहे. जानेवारी २००४ मध्ये समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना रशियाची जुनी 'गोर्शकोव्ह' नौका घेण्याचा करार झाला. नूतनीकरणाची ठरलेली ९७.४ कोटी डॉलरची किंमत पुढे २३५ कोटी डॉलरवर गेली, आणि २००८ साली मिळायची नौका 'विक्रमादित्य' या नावाने २०१३ च्या नोव्हेंबरात हाती आली. त्याच व्यवहारात १६ मिग विमाने गळ्यात पडली. २०१० साली आणखी २९ मागविली गेली. या विमानांविषयी नियंत्रक व महालेखापालांनी २०१६ साली जे लिहिले ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. आरेखनातील दोषांमुळे ४० इंजिने सेवेतून काढावी लागली होती आणि एकासनी विमानांची उड्डाणसज्जता १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान घुटमळत होती. पुढे २०१९ ते २०२२ या काळात गोव्यात व गोव्याच्या किनाऱ्याजवळ चार मिग कोसळले. त्यांपैकी एका अपघातात वैमानिकाचा बळी गेला. विक्रेता एकच असला की तक्रार कोणाकडे करायची?

आता आपल्याच चळवळीतील दोन सवयींविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. पहिली सवय, प्रत्येक शस्त्रव्यवहारात फक्त दलाली शोधण्याची. भ्रष्टाचार उघडा पाडलाच पाहिजे, पण दलाली न खाल्लेला व्यवहारही देशाच्या तोट्याचा असू शकतो, हे आपण विसरतो. माझगाव गोदीने जर्मन आराखड्याच्या दोन पाणबुड्या बांधून १९९२ व १९९४ साली नौदलाच्या स्वाधीन केल्या. दलालीच्या वादळात पुढील पाणबुड्यांचे काम मात्र बंद पडले. नवा करार फ्रेंचांशी झाला तो २००५ साली, आणि त्यातील पहिली 'कलवरी' नौदलात आली २०१७ च्या डिसेंबरात. दरम्यान तेवीस वर्षे गेली. शिकलेले कारागीर पांगले, निवृत्त झाले; नव्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवावे लागले. दलालांच्या पापाची शिक्षा माझगावच्या वेल्डरने भोगली!

दुसरी सवय, 'विमान की शाळा?' एवढेच विचारून थांबण्याची. हा प्रश्न खरा आहे, पण अपुरा आहे. सरकार विमाने घेणारच असेल, तर तो पैसा कोणत्या कारखान्यात, कोणाच्या मजुरीत आणि कोणाच्या ज्ञानात रूपांतरित होतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. एस. एम. जोशींनी संरक्षण कामगारांच्या देशव्यापी संघटनेचे नेतृत्व केले, ते काही शस्त्रांच्या प्रेमापोटी नव्हे. खडकी आणि देहूरोडच्या कारखान्यांतील कामगार हाही उत्पादक आहे, त्याचे कौशल्य ही राष्ट्राची संपत्ती आहे, ही त्यामागील दृष्टी होती. त्याच कामगारांचा संपाचा हक्क २०२१ च्या कायद्याने वर्षभरासाठी हिरावून घेतला गेला, आणि 'आत्मनिर्भरते'चा घोष मात्र चालूच राहिला.

नौका आपल्याला का साधली? माझगावात बांधलेली 'निलगिरी' १९७२ साली नौदलात आली, त्यानंतर युद्धनौकांच्या मागण्या आपल्या गोद्यांकडे येत राहिल्या. एका नौकेत झालेली चूक पुढच्या नौकेत सुधारली गेली. ज्ञान असेच साठते. विमान का साधले नाही? 'मरुत' १९६१ साली बंगळुरात उडाले, परंतु ज्या इंजिनासाठी ते आखले होते त्याचा विकास ब्रिटनने सोडून दिला, आणि तो पुरा करण्याचा खर्च करण्यास आपण नकार दिला. दुबळ्या इंजिनाची सुमारे दीडशे विमाने बांधून तो अध्याय मिटला. 'कावेरी' इंजिनाला १९८९ साली मंजुरी मिळाली, पण ते तेजसला लाभले नाही. नौदलाचे तेजस जड आहे, पुरेशा शस्त्रांनिशी ते नौकेवरून उडू शकत नाही, असे २०१६ साली नौदलप्रमुखांनी सांगितले. त्यांचा आक्षेप रास्त होता. परंतु तेच विमान ११ जानेवारी २०२० रोजी 'विक्रमादित्य'वर उतरले, हेही खरे. उणीव कौशल्याची नव्हती. उणीव होती ती इंजिनाची आणि चिकाटीची. हवाई दलाच्या तेजससाठी २०२१ साली मागविलेल्या ९९ अमेरिकन इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले, यावरून परावलंबनाची किंमत कळावी.

मिग म्हातारे होत आहेत, नौका रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ही २६ विमाने तात्पुरती सोय आहे, असे सांगितले जाते. ते मान्य करू. पण तात्पुरती म्हणजे कुठवर? करारावर सही झाली तेव्हा दोन इंजिनांचे स्वदेशी नौदल-विमान कागदावरच होते. त्याला पैसा, मुदत आणि इंजिन यांची हमी नसेल, तर आजची सोय उद्याची सवय होईल, आणि २६ नंतर आणखी विमानांचा प्रस्ताव त्याच युक्तिवादाने पुढे येईल.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. स्वदेशी विमानाची व त्याच्या इंजिनाची तरतूद आणि मुदत संसदेपुढे मांडल्याखेरीज नौकेसाठी आणखी एकही परदेशी विमान घेऊ नये. तिसऱ्या नौकेचा निर्णयही त्याखेरीज होऊ नये. पाणबुड्यांना अग्रक्रम द्यावा हे जनरल बिपिन रावत यांचे २०२० सालचे मत तेव्हा पुन्हा तपासावे. आणि संरक्षण कामगारांचा संपाचा हक्क पुन्हा हिरावला जाऊ नये, कारण ज्याच्या हातांवर आत्मनिर्भरता उभी करायची त्याचेच तोंड बांधून ती उभी राहत नाही.

'हा तज्ज्ञांचा विषय आहे' असे आपल्याला सांगितले जाईल. विमान कसे उडते हा तज्ज्ञांचा विषय खराच. ६३ हजार कोटी रुपये कोणाचे ज्ञान वाढविण्यासाठी खर्च व्हावेत, हा मात्र नागरिकांचा विषय आहे.