अंगठ्याआधी यादी तपासा



मतदाराचा अंगठा यंत्रावर जुळला तरच त्याला मत देऊ द्या, म्हणजे बोगस मतदान संपेल, असे आता दर्यापूरच्या बैठकांतही बोलले जाते. त्यामागचा राग खरा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात हजारो बोगस नोंदणी अर्ज आले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीत तर राज्य निवडणूक आयोगालाच संभाव्य दुबार मतदारांच्या नावांपुढे दोन चांदण्यांची खूण करावी लागली.

पण या दोन्ही ठिकाणी रोग कुठे दिसला? यादीत. हरभऱ्यावर मर आली की पानावर कितीही फवारा, उपयोग नाही. रोग मुळाशी असतो, बीजप्रक्रिया आधीच करावी लागते. समोरचा माणूस नोंदीतलाच आहे का, एवढेच यंत्र सांगते. तो खरोखर दर्यापुरात राहतो का, हे ते सांगत नाही. नोंदणीच्या वेळी ठसे ताडून दुबार नावे पकडता येतात, हे आम्ही मान्य करतो. पण मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात यंत्र बसवणे ही वेगळी गोष्ट आहे.

ते यंत्र आपल्याला रेशन दुकानात भेटलेच आहे. तिथे म्हाताऱ्या माणसाचा अंगठा लागला नाही, तर तो उद्या पुन्हा जातो. मतदानाला उद्या नसतो. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले, नगरपालिकांचे २ डिसेंबर २०२५ ला. दोन्ही ऐन वेचणीत. बोंडाच्या टोकांनी सोललेल्या बोटांचा ठसा जुळला नाही, तर दारातून परत कोण जाईल? कापूस वेचणारी बाई. बोगस नावे घुसवणारा नव्हे.

बाहेरचा अनुभवही पाहा. घानात डिसेंबर २०१२ मध्ये ठशांची यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली आणि कित्येक केंद्रांवर दुसऱ्या दिवशी मतदान घ्यावे लागले. केनियात २०१७ साली ठसे घेऊन मतदान झाले, तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली. दोष निघाला तो निकाल पाठवण्याच्या कामात. म्हणजे अंगठा जुळला, पण निवडणूक टिकली नाही.

यंत्र आणायचेच असेल, तर आमची अट साधी आहे. ठसा जुळला नाही म्हणून एकही मतदार परत जाता कामा नये. ओळखपत्रावर त्याला मत देऊ द्यावे आणि अशा मतदारांचा आकडा केंद्राबाहेर लावावा. आधार देता आला नाही, एवढ्यावरून यादीतले नाव वगळता येत नाही, हे २०२१ च्या दुरुस्ती कायद्यातही लिहिले आहे.

आणि यंत्राची वाट न पाहता करण्यासारखे काम आपल्या हातात आहे. गावाची यादी आणा आणि चावडीवर मोठ्याने वाचा. वारलेली माणसे, सासरी गेलेल्या लेकी, पुण्याला नाव नोंदवलेली पोरे यांच्यावर खूण करा. सुरुवात आपल्या घरापासून करा, नाहीतर दुसऱ्याकडे बोट दाखवायला तोंड उरत नाही. नाव वगळायला नमुना ७, पत्ता बदलायला नमुना ८. दोन्ही बीएलओकडे द्या आणि पोच घ्या. ज्याचे नाव कापायचे, त्याला आधी विचारा. परस्पर कापाकापी हीही चोरीच.

विधानसभा-लोकसभेच्या मतदानादिवशी केंद्रावर गावाला ओळखणारा प्रतिनिधी बसवा. तोतया आला, तर दोन रुपये भरून त्याला हरकत घेता येते. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकले असेल, तर मुकाट्याने घरी येऊ नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा. तो तुमचा हक्क आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वाचलेली, खुणा केलेली यादी सोबत आणावी.