सरळ रेषेचा मोह



गेल्या काही महिन्यांत तीन-चार आजी-आजोबांनी आम्हांस एकच तक्रार ऐकविली. नातवंडांच्या गणिताच्या वहीत आकडे थोडे आणि रेघा फार. एक आडवी रेघ, एक उभी रेघ आणि मध्ये ठिपके. याला गणित म्हणावे की चित्रकला? तक्रार स्वाभाविक आहे. आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण मुंबई, ठाणे किंवा अलिबागेस झाले, त्यांतील अनेकांच्या हाती आलेखाचा कागद माध्यमिक शाळेत गेल्यावरच आला. येथे इस्राएलमध्ये मुलांची त्याच्याशी ओळख प्राथमिक शाळेतच होते. म्हणून या वेळी आलेखाविषयी लिहावयाचे ठरविले. आणि ओघाने, आमच्याच हातून वर्गात घडलेली एक चूकही वाचकांपुढे ठेवावयाचे ठरविले.

आलेख म्हणजे दोन बदलत्या गोष्टींमधील नाते डोळ्यांना दिसेल असे मांडणे. अशा बदलत्या गोष्टीस मराठी गणितात ‘चल’ म्हणतात आणि हिब्रूत ‘मिश्तने’. एका शब्दात हालचाल आहे, दुसऱ्यात बदल आहे. दोन्ही शब्द मुलांना समजावून सांगण्यास सोपे आहेत. घरात हे नाते त्यांनी पाहिलेलेही असते. एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी, दोन वाट्यांस चार, तीन वाट्यांस सहा, असे सांगणारी आजी नकळत दोन चलांचे नातेच शिकवीत असते. तांदूळ किती घ्यावयाचे हे आपण ठरवितो. पाणी किती लागेल हे तांदळावरून ठरते. जे आपण ठरवितो ते आडव्या अक्षावर, आणि जे त्यावरून ठरते ते उभ्या अक्षावर. एवढे एक सूत्र मुलाच्या मनात पक्के झाले की निम्मे काम झाले.

येथील मुलांना आणखी एक अडचण येते, ती आम्हांस मुंबईच्या अध्यापक विद्यालयात कोणी सांगितली नव्हती. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, परंतु आलेखाच्या आडव्या अक्षावरील आकडे डावीकडून उजवीकडे वाढत जातात. मूल तक्ता उजवीकडून भरू लागते आणि आलेखही उजव्या कोपऱ्यातून सुरू करते. मग वाढणारी रेषा उतरती दिसते. अशा वेळी रागावू नये. ‘शून्य कोठे आहे?’ एवढेच विचारावे. शून्याचे घर सापडले की मूल आपली वाट आपणच सुधारते.

आता चुकीची हकिकत. गेल्या हिवाळ्यात पाचवीच्या वर्गास आम्ही शाळेच्या आवारात नेले. तेथील पाच नळ थेंब थेंब पाणी पडेल इतपत सैल करून ठेवले. मुलांचे पाच गट केले आणि प्रत्येक गटास बाळाला दूध पाजण्याची एक बाटली दिली. त्या बाटलीवर मिलिलिटरच्या खुणा असतात, वेगळे माप आणावे लागत नाही. अर्धा तास बाटली नळाखाली ठेवावयाची, दर पाच मिनिटांनी पाणी किती साचले ते लिहावयाचे आणि मग आलेख काढावयाचा, असा पाठ होता. उत्साहाच्या भरात आम्ही आरंभीच सांगून टाकले की, ‘पाहा हं, सगळे ठिपके एका सरळ रेषेत येतील.’

वह्या तपासताना एका गटातील दोन वह्या एकापाठोपाठ हाती आल्या. मुलीच्या वहीतील ठिपके ३०, ६०, ९०, १२०, १५० आणि १८० मिलिलिटरवर होते. रेषा पट्टीसारखी सरळ. आम्ही खाली ‘कोल हाकावोद’ असे लिहिले. मुलाच्या वहीतील पहिले तीन ठिपके तेच होते. पण पुढचे १०५, १३५ आणि १६५ वर. रेषा मध्येच वाकलेली. त्या ठिकाणी आम्ही तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा दोन्ही वह्या घेऊन आमच्या टेबलापाशी आला. बाटली एकच होती, मग तिचे बरोबर आणि आपले चूक कसे, हा त्याचा प्रश्न होता. आम्ही मुलीची वही पुन्हा उजेडात धरून पाहिली. चौथ्या ठिपक्याखाली खोडरबराची खूण होती. तिनेही आधी १०५ वरच ठिपका दिला होता; मग तो पुसून वर सरकविला आणि त्याच्या मागोमाग पुढचे दोनही सरकविले. विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली की, रेषा सरळ येणार असे आधीच सांगितले होते, म्हणून आपलेच काही चुकले असेल असे वाटले.

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस आमच्या तांबड्या शाईची लाज वाटली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले त्या मुलीने आमच्या शब्दाखातर पुसले, आणि आम्ही तिची पाठ थोपटली. ज्याने पाहिले तसेच मांडले, त्याच्यापुढे मात्र प्रश्नचिन्ह काढले. गणिताच्या तासाला आम्ही भलताच धडा शिकविला होता.

तो धडा तसाच सोडून चालणार नव्हते. मुलाचा वाकडा आलेख आम्ही फळ्यावर मोठा करून काढला आणि वर्गास विचारले, ‘पंधरा ते वीस मिनिटांच्या दरम्यान काय झाले असावे?’ मुलांनी बारकाईने पाहिले. आधी दर पाच मिनिटांस ३० मिलिलिटर पाणी वाढत होते. त्या एका खेपेस १५ च वाढले. पुढे पुन्हा ३०, ३०. कोणी म्हणाले, नळ आवळला गेला असेल. दुसऱ्याने लगेच खोडून काढले: नळ आवळला असता तर पुढेही पाणी हळूच पडले असते, पुढची रेषा तर पहिलीइतकीच चढती आहे. म्हणजे नळ तोच, वेग तोच, पण मध्ये १५ मिलिलिटर पाणी नाहीसे झाले. तेव्हा तो मुलगा हसत म्हणाला की, शेजारच्या गटाला दाखविण्यासाठी आपण बाटली उचलली होती आणि थोडे पाणी सांडले होते! सरळ रेषेने ही गोष्ट आम्हांस कधीच सांगितली नसती.

आम्ही दोन्ही वह्या मागवून घेतल्या आणि प्रश्नचिन्ह व शाबासकी दोन्ही खोडली. मुलीस सांगितले की चूक आमची होती. उत्तर आधी सांगावयास नको होते. मग तिनेच हिशेब मांडला की मिनिटास ६ मिलिलिटर गळणाऱ्या नळातून दिवसाकाठी ८ लिटर ६४० मिलिलिटर पाणी जाईल. पाण्याच्या थेंबाथेंबाची किंमत ठाऊक असलेल्या या देशात त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पुढच्या आठवड्यात किन्नेरेत सरोवराच्या पातळीचा आलेख घेतला. आडव्या अक्षावर महिने, उभ्यावर पातळी. सरोवर समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे मुले प्रथम फसतात. २१३ हा २०८ हून मोठा म्हणून तो वर मांडतात. वरची तांबडी रेषा समुद्रसपाटीच्या खाली २०८.८० मीटरवर आहे आणि खालची तांबडी रेषा २१३ मीटरवर. २००१ च्या नोव्हेंबरात पाणी २१४.८७ मीटरपर्यंत उतरले. तीच पुढे काळी रेषा ठरली.

येथे एका मुलाने शून्य समुद्रसपाटीवर ठेवून १ सेंटिमीटरास १० मीटर असे प्रमाण घेतले. त्याचा आलेख कागदाच्या अगदी तळाशी गेला आणि दोन तांबड्या रेषांमध्ये जेमतेम ४ मिलिमीटर अंतर उरले. पावसाळा, उन्हाळा, दुष्काळ, सगळे त्या ४ मिलिमीटरांत! दुसऱ्या मुलीने अक्ष २०८ पासून सुरू केला, तर तिचे सरोवर उन्हाळ्यात कोसळल्यासारखे दिसू लागले. दोघांचेही आकडे खरे होते. म्हणून वर्तमानपत्रात आलेख पाहताना आधी उभा अक्ष कोठून सुरू होतो आणि एक घर म्हणजे किती, हे पाहावे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली इंग्लंडचा आयात-निर्यात व्यापार वर्षावर्षांच्या रेषांनी छापून दाखविला. तेव्हापासून रेषेने लोकांना समजावलेही आहे आणि पुष्कळदा फसविलेही आहे.

आई-वडिलांनी व आजी-आजोबांनी घरी एवढेच करावे. दाराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या खुणा आणि तारखा असतील, तर त्यांना कागदावर उतरवू द्यावे. आडवे वय, उभी उंची. कोठे रेषा भरभर चढेल, कोठे रेंगाळेल. का, ते मुलांनाच शोधू द्यावे. एखादा ठिपका वेडावाकडा पडला तर खोडरबर हाती देऊ नये. पुन्हा मोजावे, आणि तरीही तो तेथेच राहिला, तर तेथेच राहू द्यावा.

आमच्या टेबलावर ती तांबडी पेन्सिल अजून आहे. हल्ली ती उचलण्यापूर्वी आम्ही मुलांस एकदा विचारतो, ‘तू काय पाहिलेस?’